सोसायटीचा दुसरा सूचना फलक

आमचे हे धायरीतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. हिशेब काय, कोणीही ठेवेल. पण सूचना लिहाव्यात त्या यांनीच. ‘पाणी जपून वापरावे. टँकर आपल्या सासरेबुवांचा नाही.’ ‘कुत्र्याला फिरवताना मालकानेही थोडी शिस्त शिकावी.’ शेजारच्या इमारतींतली माणसं फोटो काढून नेतात. घरात मात्र या माणसाच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. लेकीने चित्र दाखवलं, मार्क दाखवले, की उत्तर ठरलेलं: “बरं आहे.” तिने एखादा तिरकस शेरा मारला तरच वर बघून हसायचे. तेवढ्यासाठी ती जेवताना टोमणे जुळवत बसायची. बापावर गेलीय, असं मीच चारचौघांत कौतुकाने सांगायचे.

त्या रविवारी दुपारी चौथ्या मजल्यावरच्या बाई आल्या. नर्स आहेत, मुलीला एकटीने वाढवतात. ती मुलगी, अंगाने जरा भरलेली, आमच्या लेकीच्याच वर्गात, नववीत. गेल्या वर्षापर्यंत दोघी एकाच रिक्षाने शाळेत जायच्या. ती आमच्याकडे जेवायलाही असायची आणि यांच्या टोमण्यांवर मनापासून हसायची. बाई बसल्या नाहीत. फोन यांच्यापुढे धरून म्हणाल्या, “हे तुम्ही लिहिता का, तेवढंच सांगा.”

इन्स्टाग्रामवर ‘सूचना फलक’ नावाचं खातं होतं. भाषेचा थाट, खालचं ‘हुकुमावरून’, सगळं हुबेहूब आमच्या फलकासारखं. ‘चौथ्या मजल्यावरील कुमारीने लिफ्टमधून एकटीनेच जावे. यंत्राचे वय झाले आहे.’ खाली वर्गातल्या पोरापोरींनी हसून हसून टाकलेले शेरे.

“मी?” हे म्हणाले. “लहान मुलीबद्दल?”

खरंच दुखावले होते ते. चष्मा लावून एकेक वाचायला लागले. मुलगी आठवडाभर शाळेत गेली नाही, धड जेवत नाही, दार लावून बसते, असं बाई सांगत होत्या. तेवढ्यात एका ओळीवर यांच्या ओठाचा कोपरा हलला. अगदी किंचित. बाईंचं लक्ष नव्हतं. मला दिसलं आणि माझा नुसता संताप झाला.

मी मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी. तिची नजर बाईंवर नव्हती, फोनवरही नव्हती. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती. मला कळायचं ते कळलं.

“आमच्या घरात असलं करणारं कोणी नाही,” हे म्हणाले.

“मग मी पोलिसांकडे जाते. ते शोधतील.”

मला गप्प राहता आलं असतं. राहावंसं वाटतही होतं. पोटची पोर ती. बाईंनी चपलेत पाय घातला.

“अगं, बोल,” मी लेकीला म्हणाले.

“मी केलंय,” ती म्हणाली.

यांनी विचारलं, “का?”

“तू हसतोस म्हणून.”

बाईंनी आरडाओरडा केला नाही. “वर चला आणि तिला सांगा,” म्हणाल्या. पोलिसांचं काय, ते त्या बोलल्या नाहीत आणि विचारायची माझी छाती झाली नाही. आम्ही जिन्यानेच गेलो. लिफ्टचं बटण दाबायचा धीर कोणाला झाला नाही.

एरवी आमच्या लेकीची जीभ कात्रीसारखी चालते. त्या बंद खोलीपुढे मात्र तिला शब्द सापडेना. “सॉरी,” ती कशीबशी म्हणाली. “मी सगळं डिलीट करते. प्लीज बाहेर ये ना.”

आतून त्या मुलीचा आवाज आला, रडून रडून बसलेला.

“काका आहेत का तिथे?”

“आहे, बाळा,” हे म्हणाले.

“काका, तुम्ही हसलात का वाचून?”

नाही म्हणा, नाही म्हणा, मी मनातल्या मनात म्हणत होते. लेकही बापाकडे बघत होती. यांनी चष्मा काढला, पुसला, हातातच धरून ठेवला.

“हो,” ते म्हणाले. “एका ठिकाणी हसलो.”

ज्या हसण्यासाठी लेकीने हा सगळा उद्योग केला होता, ते तिला मिळालं होतं. ती भिंतीकडे तोंड करून हुंदके द्यायला लागली. दार काही उघडलं नाही.