लालबागला अकराव्या मजल्यावर भुंकलेले गावचे कुत्रे

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो... माझ्या घरात कुत्रा नाही. कधीच नव्हता. आमची लालबागची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात अकराव्या मजल्यावर मी आणि बायको सुनीता, दोघंच राहतो. तरीही सोसायटीने मला "न विचारता कुत्रे ठेवल्याबद्दल" जाब विचारला. कुत्रे! म्हणजे एकवचन पण नाही, अनेकवचन! त्या संतापातच हे लिहायला बसलोय. भूतबित मी मानत नाही. चाळीत वाढलो, जिन्याखालच्या बाईच्या गोष्टी ऐकत मोठा झालो, त्याच जिन्यावरून रात्रीअपरात्री शीळ घालत वर आलो. एकदाही काही दिसलं नाही.

कुत्रे आहेत ते माझ्या ताईचे. गावाला. कणकवलीच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की आमचं घर. भावोजी गेल्यावर ताई तिथे राहायला गेली. एकटीच. एकटी म्हणजे माणूस एकटं... बाकी देव्हाऱ्यामागे पाली, पायरीच्या दगडांत सापसुरळी, कुंपणावर सरडे, लाकडांच्या ढिगात धामण. सुनीता लग्नानंतर पहिल्यांदा गेली तेव्हा तिच्या ताटाशेजारी पाल पडली. ती किंचाळून उठली, तर ताई म्हणते, "ती काय तुझा जेवण जेवाक इली नाय गो!"

या सगळ्यात ताईचा भरवसा दोघांवर. बंड्या आणि राणी. बंड्या म्हातारा. पिल्लू असताना त्याला फुरसं चावलं, गळा सुजला, जगला कसाबसा, पण आवाज कायमचा घोगरा झाला. राणी तरुण, आवाज चिरका. अनोळखी माणूस आला तर दोघं धावून जातात. साप दिसला की मात्र पुढे जात नाहीत. आधी बंड्या तुटक भुंकतो, पाऊल मागे घेतो, मग राणी त्याच्यावर ताण करते. हे भुंकणं ऐकलं की ताई हातातलं काम टाकून जिथे असेल तिथे थांबते. सापाला आमच्याकडे 'जनावर' म्हणतात, नाव घेत नाहीत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताईला मी मुंबईत आणलं. परळला ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने जेमतेम दिसायचं. कुत्र्यांना भाकरी घालायला शेजारचे दाजी होते. दुसऱ्या दिवशी सुनीता ऑफिसला, मी रजा टाकून घरी. दुपारची जेवणं झाली होती. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. ताई भिंतीला हात लावत बाथरूमकडे निघाली.

आणि घरात कुत्रा भुंकला.

खाली रस्त्यावर नाही. टीव्हीवर नाही, टीव्ही बंद होता. आमच्या पॅसेजमध्ये, ताईच्या पायाशी म्हणावं इतक्या जवळ. घोगरा, तुटक आवाज. लगेच दुसरा, चिरका. मी पेपर टाकून धावलो. पॅसेज रिकामा! ताई बाथरूमच्या दारात एक पाय उचललेला तशीच उभी. आणि आवाज चालूच.

"ताई, काय आहे हे?"

"बंड्या भुकता," ती अगदी शांतपणे म्हणाली. "जनावर आसा थंय. पुढे येव नको."

"अगं अकराव्या मजल्यावर कुठलं जनावर? आणि बंड्या कुठून येणार इथे?"

"माका दिसणा नाय रे. पण तुका ऐकाक येता मा?"

येत होतं. तेच तर! मी तिला दंडाला धरून मागे ओढलं, तसं भुंकणं थांबलं. एकदम, बटण बंद केल्यासारखं. आत वाकून पाहिलं. वॉशिंग मशीनचा पाइप निसटून फरशीवर पाणी साचलं होतं, आणि मशीनचा एक्स्टेन्शन बोर्ड फळीवरून घसरून त्या पाण्यात पडला होता. त्याचा लाल दिवा चालू. मी मेन स्विच बंद केला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, हे ट्रिप व्हायलाच पाहिजे होतं. आजी ओल्यात पाय टाकत्या तर..." नवा कोरा टॉवर, आणि वायरिंगची ही तऱ्हा! याचा जाब विचारायला सोसायटीत कोणी आहे का? नाही. सेक्रेटरी गावडे संध्याकाळी वर आले ते कुत्र्यांसाठी. दहाव्या मजल्यावरच्या सबनीसबाईंची तक्रार होती. मी तडक त्यांच्याकडे गेलो.

"सबनीसबाई, माझ्याकडे कुत्रा बघितलात कधी?"

"बघितला नाही हो, पण ऐकले ना! दोन होते. एक घसा बसल्यासारखा आणि एक किरकिऱ्या. आमचं बाळ झोपेतून दचकून उठलं."

आवाज कसे होते याबद्दल मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. ताई तर घराबाहेरच पडली नव्हती. मी भांडायला गेलो होतो, तसाच परत आलो.

दाजींना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, दुपारी दोगाय न्हाणीच्या दारात उभी रवान भुकत हुती. काठयेन सगळा ढवळून बघितलंय. जनावर सोड, पाल सुदीक नाय. मगे गप झाली आणि पाणी पिऊन निजली."

आता सगळे मला शिकवतात. मेहुणा म्हणतो, डक्टमधून आवाज वर आला असेल. बरं, आला. दुसऱ्या कुठल्या तरी कुत्र्याचा घसाही बसलेला असेल. पण मग गावाला ते न्हाणीपाशी का उभे? गावचे लोक म्हणतात, हा राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा कौल, त्याला नारळ दे. मी देणार नाही. ज्याने वाचवलं त्याचं नाव मला माहीत आहे, त्याला नारळ फोडता येत नाही. आणि ताई? ती डोळा बरा करून गेलीसुद्धा गावाला. तिला यात नवल असं काही वाटतच नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये गावडे समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ दे ना, पुन्हा असं होणार नाही एवढं फक्त कबूल करा, विषय संपला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "कबूल कसं करू? मी बोलावले नव्हते. आणि उद्या परत आले तर मी त्यांना हाकलणार नाही."