कडक डोहाळे

भवानी पेठेतल्या आमच्या घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते पिंपात भरून ठेवायचं आणि पुढचं येईपर्यंत पुरवायचं. लग्न होऊन आल्यापासून मी तेच पाणी पीत होते, कधी काही वाटलं नव्हतं. मला दिवस गेले आणि दुसऱ्या महिन्यात त्या पाण्याला वास यायला लागला. प्लास्टिकचा, शेवाळाचा, कशाचा कोण जाणे. तांब्या तोंडाशी नेला की पोटातलं सगळं वर यायचं. शेजारच्या यंत्रमागांवरून येणारा, सुताला लावायच्या खळीचा वास, नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा, तव्यावरच्या भाकरीचा, सगळे मिळून माझ्या जिवावर उठले होते. इंग्रजीत याला सकाळचा त्रास म्हणतात. माझी सकाळ दिवेलागणीपर्यंत संपायची नाही.

आमच्याकडे या त्रासाला वेगळा शब्दच नाही. आंबट खावंसं वाटलं तरी डोहाळे आणि हिरवं पित्त पडेपर्यंत ओकलं तरी डोहाळेच. आणि डोहाळे म्हटलं की बायकांचे चेहरे उजळतात. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या मोडनिंबकडच्या. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकीला त्या कौतुकानं सांगायच्या, “आमच्या सुनंला लई कडक डोहाळं लागल्यात.” मग ती बाई आत डोकावून मला विचारायची, काय खावंसं वाटतंय? मी मोरीत वाकलेली असायचे. कुणी चिंच आणली, कुणी आवळे. एकीला मी म्हटलं, खावंसं नाही, मरावंसं वाटतंय. ती हसून म्हणाली, तसंच वाटतं गं.

दवाखान्याचं नाव काढलं की आत्या म्हणायच्या, “ह्ये काय दुखणं हाय व्हय? कडक डोहाळं म्हंजी गर्भ घट्ट धरलाय. वकलीस तेवढं चांगलंच की.” त्यांना चार मुलं झाली, चारही वेळा त्या ओकत ओकत शेतात राबल्या. त्यांनी माझे हाल केले असं मला म्हणता येत नाही. मी ओकताना माझं कपाळ त्याच धरायच्या, मोरीही त्याच धुवायच्या. तरी त्यांचा राग यायचा तो यायचाच.

नवव्या आठवड्यात एका दुपारी मी पिंपाशेजारी कोसळले. तोपर्यंत आई आणि बायको यांच्यामध्ये मोबाईलमध्ये डोकं घालून उभा राहिलेला माझा नवरा पहिल्यांदा हलला आणि रिक्षा घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “लघवीला शेवटचं कधी गेला होता?” मला आठवेना. त्या नवऱ्याकडे वळल्या. “हे डोहाळे नाहीत, हा आजार आहे. आधी आणायला काय झालं होतं?”

सलाईन लावलं, सोनोग्राफी केली. पडद्यावर एक ठिपका लुकलुकत होता. ठोके छान आहेत, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मनात आलं, एवढासा ठिपका आणि यानं मला पार पिळून काढलं. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्याची माया वाटली नाही.

गोळ्यांनी थोडा उतार पडला, पण थोडाच. चार-पाच दिवसांनी एकदा ओकून झाल्यावर मोरीच्या फरशीला गाल टेकवून मी मोठ्यानं म्हणाले, “थांब रे बाबा आता. नाहीतर जा.” घरात कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी जाग आली तर कशालाच वास नव्हता. पिंपातलं तांब्याभर पाणी मी घटाघटा प्यायले आणि ते पोटात राहिलं. आत्या म्हणाल्या, “उतरलं बघ डोहाळं.” त्यांनी शेंगाचटणी कुटली, ताटात दही घातलं आणि मी भाकरीवर भाकरी खात सुटले. चार दिवस मी नुसती खात होते, झोपत होते, उगाच हसत होते. नवऱ्याबरोबर बाळाचं नाव काय ठेवायचं यावर भांडलेसुद्धा. आता मला त्याची मायाही वाटायला लागली होती. उलट्या होत होत्या तेव्हा गर्भ घट्ट धरलाय म्हणणाऱ्या घरात, उलट्या एकाएकी थांबल्यावर त्याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

गुरुवारी पुढच्या तपासणीची तारीख होती. “उलट्या कशा आहेत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “रविवारपासून एकदम बंद,” मी पहिला नंबर आल्यासारखं सांगितलं. त्या पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “ठोके दिसत नाहीत. वाढ थांबून आठवडा झाला असावा.”

म्हणजे मी नाव ठरवत होते तेव्हा ते नव्हतंच.

मी त्यांना मोरीतलं बोलणं सांगून टाकलं. त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, “बोलण्यानं कुणी जात नसतं. बहुतेकींच्या उलट्या आपोआप थांबतात आणि बाळ ठणठणीत असतं. तुमचं तसं झालं नाही, एवढंच.” मला ते पटतं. कुणी विचारलं तर मीही हेच सांगते. एकटी असले की पटत नाही.

पिशवी साफ करण्यासाठी दुसऱ्या दिवशी दाखल व्हायला सांगितलं होतं. परत येताना रिक्षात मी नवऱ्याला म्हणाले, “भूक लागलीय.” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःची लाज वाटली. पण भूक खरीच लागली होती. त्यानं रिक्षा थांबवून एका गाड्यावरून दोन केळी आणली. मी दोन्ही खाल्ली आणि वाट बघत बसले. पोट शांत होतं. एकदा तरी उलटी होऊ दे, असं मी घर येईपर्यंत मनात म्हणत होते.