शरणप्पाचा खिळा

शरणप्पा गवंडी गेल्याचं मला चिटगुप्प्याच्या बाजारात कळलं. हातातली पिशवी तशीच धरून मी उभा राहिलो... रडू आलं नाही. आली ती लाज, आणि महिना झाला तरी ती गेलेली नाही.

त्याच्या मुंडाशात कायम एक खिळा खोचलेला असायचा. दगड कितीही देखणा असो, शरणप्पा आधी त्यावर खिळा ओढून पाहायचा. आमच्याकडचा लाल जांभा खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीनं तासावा. उन्हावाऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहिला की मग कडक होतो. हे मला त्यानंच शिकवलेलं. तरी मुलीच्या लग्नाआधी खोली उभी राहिलीच पाहिजे म्हणून मी हटून बसलो.

"अण्णा, ह्यो बघा, खिळा आत जायलाय. कामून घाई करायलाव? एक उन्हाळा खाऊ द्या दगडाला."

"तू बांध. पुढचं मी बघतो."

त्यानं बांधलं. उरलेले दगड तेवढे अंगणाच्या कडेला नीट रचून ठेवले. लग्न झालं आणि पहिल्याच पावसाळ्यात खालचा थर चुरून भिंत कोसळली. कुणाला लागलं नाही. पण तहसील कचेरीत पेशकार असलेले आमचे व्याही आलेले, गावातली चार माणसं जमलेली, आणि मी... मी म्हणालो, "गवंड्यानं कच्चा दगड लावला." शरणप्पा दारातच उभा होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मुंडासं सारखं केलं आणि निघून गेला. त्यानंतर गावात त्याला कुणी भिंत सांगितली नाही. तो मुडबीकडे कामाला जाऊ लागला. समोरून येताना दिसला की मी वाट बदलायचो.

चार दिवसांपूर्वी त्याची लेक महादेवी बैलगाडी घेऊन आली. समाधीच्या ओट्याला दगड हवे होते. "अप्पा म्हणले व्हते, अण्णांच्या अंगणातले आता पिकले असतील." तिनं बापाचा खिळा काढला आणि जोर लावून दगडावर ओढला. ओरखडा उठला नाही. गाडी भरून झाल्यावर ती माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली.

"अण्णा, अप्पांच्या हातून तेवढी एक भिंत चुकली. मनात ठेवू नका."

माझ्या तोंडून "बैल सावकाश हाक" एवढंच निघालं. चार माणसांत खोटं बोलायला मला क्षणही लागला नव्हता. भिंत त्याची चुकली नव्हती. त्यानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं. हे इथं लिहिणं सोपं आहे... तिला सांगायला हवं.

खिळा ती माझ्या ओसरीवर विसरून गेली. तिचं घर चार घरं सोडून आहे. खिळा अजून ओसरीवरच आहे.