डॉक्टरकाकूंचं शेंगांचं वाण

समोरच्याचं गाव, आडनाव आणि शिक्षण न विचारता चहा पाजणारं मराठी माणूस टेक्सासातल्या अख्ख्या अर्विंगमध्ये एकच, आमच्या डॉक्टरकाकू. मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायचे. माझी शाळा आठवीत सुटलेली, इथे कुणी "शिकलीस किती?" म्हटलं की मी पोळी उलटायला वळते. काकूंनी कधीच विचारलं नाही, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

ही खोड त्यांना आफ्रिकेत लागली. तरुणपणी त्या मलावीतल्या एका गावच्या दवाखान्यात होत्या. एक शाळकरी मुलगी दारात घुटमळत होती. काकूंनी नव्याने शिकलेल्या तिथल्या भाषेत, पण आपल्याकडच्या प्रेमाने विचारलं, "कुणाची गं तू?" मुलगी पळाली ती परत आली पोटुशी होऊनच. "निरोध कशाला असतो ते पोरांना पाठ होतं," काकू सांगत. "पण दुकानदार बापाचा मित्र, नर्स आत्याची शेजारीण. मागायचं कुणाकडे?" मग त्यांनी चौकशी सोडली, पाकिटं दवाखान्यामागे आडोशाला ठेवली आणि मुलींबरोबर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसू लागल्या. डोळे शेंगांवर असले की तोंड सुटतं, हा त्यांचा सिद्धांत.

तो त्यांनी टेक्सासातही लागू केला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वयात आलेल्या पोरांच्या आयांना वाण काय, तर शेंगांची पिशवी आणि तळाशी निरोधची पाकिटं. एकीने ती पार्किंगमध्ये सासूसमोरच उघडली. दुसरी "आमचा तसा नाही हो, काकू" म्हणत परत करायला आली. काकूंनी पिशवी तशीच परत तिच्या हातात दिली, "शेंगा तरी ने. त्याला सोलायला बसव." पुढच्या आठवड्यात ती आणखी शेंगा मागायला आली. पाकिटं मात्र तिने परत आणली नाहीत.

माझी लेक मिरजेला माझ्या आईपाशी असते, सोळाची आहे. फोनवर "हं" आणि "जेवले", एवढंच. क्लासमधल्या कुणा मुलाबद्दल आई दबक्या आवाजात सांगते. "कोण गं तो?" विचारलं की तीही पळेल, आणि इतक्या लांबून मी तिला धरणार कशी?

काकू आता मुलाकडे सांता क्लाराला गेल्या. जाताना डब्यातल्या शेंगा मला देऊन गेल्या. गेल्या रविवारी सकाळी मी लेकीला फोनवर म्हटलं, आजीकडच्या मूठभर शेंगा घेऊन बस, मीही बसते. बराच वेळ दोन्हीकडून नुसती टरफलं वाजत होती. मग ती म्हणाली, "आई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

माझी बोटं थबकली. काकू म्हणायच्या, अशा वेळी हात थांबू द्यायचे नाहीत.

मी पुढची शेंग फोडली.