ताईच्या मेंदूतलं लॅक्टेट

माझी ताई आळशी नव्हती.

काल सकाळी ती गेली. आता तरी मान्य करा.

मंडईतून भाजी घेऊन आली की मृणालताई जिन्यातच बसायची. पायच उचलायचे नाहीत. "जिम लाव." "लग्न कर, सगळं ठीक होईल." सल्ले देणारे सगळे या प्रोफाइलवर आहेत. कमेंटमध्ये आरआयपी लिहू नका, प्लीज.

मग अटॅक सुरू झाले. डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, एका बाजूचं दिसेनासं व्हायचं.

आम्ही एमआरआयची अपॉइंटमेंट मागायचो. स्लॉट मिळेपर्यंत ताई बरी होऊन ऑफिसला जायला लागलेली असायची.

रिपोर्ट अर्थातच नॉर्मल!

"स्ट्रेस घेतात त्या," डॉक्टर म्हणायचे.

आग विझल्यावर बंब पाठवायचा आणि वर म्हणायचं, आग लागलीच नव्हती.

शेवटी एका नव्या डॉक्टर मॅडमनी ऐन अटॅकमध्येच तिचा स्कॅन करायला लावला. सोबत स्पेक्ट्रोस्कोपीही मागितली. मशीन तेच, फक्त थोडा वेळ जास्त. मेंदूत कुठलं रसायन किती आहे, ते त्यात कळतं.

मॅडमनी स्क्रीनवरच्या आलेखातलं एक उंच टोक दाखवलं. "हे लॅक्टेट. एवढं इथे असायला नको. पेशींना ऊर्जाच नीट तयार करता येत नाहीये."

मायटोकॉन्ड्रियाचा आजार. पुढे जनुकांच्या तपासणीतही तेच निघालं.

ताई त्या टोकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो मॅडम, याची मोठी प्रिंट मिळेल? हॉलमध्ये लावते."

आजार पूर्ण बरा होणार नाही हे ऐकूनही इतकी खूश झालेली बाई मी पाहिलेली नाही.

औषधं सुरू झाली. त्यांचा उपयोग होतोय का, हे बघायला पुन्हा तसाच स्कॅन हवा होता. सेंटरवाले म्हणाले, "आम्ही ते रुटीनमध्ये करत नाही." दुसरीकडे केला, तर मशीन वेगळं, सेटिंग वेगळं. "आधीच्याशी कंपेअर नाही करता येणार."

पुन्हा पहिल्या मशीनवर नंबर लावला. तो लागायच्या आतच ताई गेली.

काल संध्याकाळी भेटायला आलेल्या एक नातेवाईक आईला हळूच म्हणाल्या, "पण सुरुवातीचे रिपोर्ट तर नॉर्मलच होते ना हो?"

आई उठली. दार सताड उघडून उभी राहिली.

"या आता आपण."

मला आईचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

ताई, तुला माझी चिडलेली श्रद्धांजली. भावपूर्ण नंतर वाहीन, राग शांत झाला तर.