होडीची वजावट

नोकरीच्या कामासाठी स्वतःचं वाहन वापरणाऱ्या पगारदाराला, मालक प्रवासभत्ता देत नसेल तर, त्या वाहनाच्या देखभालीचा आणि झिजेचा खर्च करपात्र पगारातून वजा करून मागता येत असे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हा नियम मी वर्तमानपत्रातच वाचला. मी मुंबईच्या एका दैनिकाचा पगारी वार्ताहर होतो आणि मालवणजवळच्या खाडीकाठच्या गावात राहत होतो. पगार वाढून नुकताच कराच्या रेषेपलीकडे गेला होता. माझं वाहन होडी होतं.

बातम्या खाड्यांच्या पलीकडे होत्या आणि खाड्यांवर पूल नव्हते. आचऱ्याला जायचं तर रस्त्याने अर्धा दिवस जाई, होडीने भरती साधली की दुपारच्या आत परत येता येई. होडीला दरवर्षी माशाचं तेल, फटींत भरायला कापूस, दोरखंड आणि एखादी फळी लागे. हा खर्च आम्ही घरखर्चातून वाचवत असू. बायको मासळी संध्याकाळी घेई, उतरल्या भावात. चहात गूळ, दिवा एक. विम्याचा हप्ता मात्र चुकवायचा नाही, कारण त्यावरही करात सूट होती.

वजावटीसाठी पावत्या लागत. मालवणच्या बाजारात दोराची पावती मागितली, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"पावती कित्याक व्हयी, भाऊ? माज्यार इस्वास नाय?"

सरकारला दाखवायची आहे, असं मी सांगितलं. त्यानंतर त्याने मला पावती दिली नाही, आणि काही दिवस दोरही दिला नाही.

मुंबईच्या कचेरीतही संशयच होता. मिळाल्या तेवढ्या पावत्या जोडून मी दावा पाठवला, तर होडी हे वाहन कसं, असं व्यवस्थापकांनी पत्रातून विचारलं. शेवटी त्यांनी दावा पुढे जाऊ दिला, पण सोबत स्पष्ट कळवलं की तो खोटा ठरला तर दैनिकाच्या नावाला बट्टा लागेल आणि त्यानंतर मला कामावर ठेवता येणार नाही. वजावटीची रक्कम लहान होती. नोकरी एकच होती.

आषाढात आयकर खात्याचं पत्र आलं. पडताळणीसाठी रत्नागिरीहून निरीक्षक येणार होते. पाकीट सरकारी होतं, त्यामुळे ते माझ्या हातात पडण्याआधी गावाला कळलेलं होतं. दोन दिवस माझ्याशी कोणी मोकळेपणाने बोललं नाही. पाणवठ्यावर बायकोला एकीने विचारलं, "काय गो, जप्ती काय?"

निरीक्षक कळवलेल्या तारखेच्या आदल्या दिवशीच आले आणि घरी न येता थेट किनाऱ्यावर गेले. तयारी करायला वेळ मिळू नये, एवढाच त्याचा अर्थ होता. मला बातमी लागली तेव्हा मी छत्री घेऊन धावलो.

पावसाळ्यात होड्या पाण्यात नसतात. चार होड्या माडांखाली ओढून ठेवलेल्या होत्या, वर माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं घातलेली. त्यांतल्या तीन खलाशांचा म्होरक्या असलेल्या शेजारच्या तांडेलाच्या, एक माझी. तांडेल निरीक्षकांसमोर हात बांधून उभा होता.

"यांतली वार्ताहरांची होडी कोणती?" निरीक्षकांनी विचारलं.

"तेंची होडी?" तांडेल हसला. "सायबानू, तेंका पवाक येणा नाय. ते होडयेर खंयचे बसतले!"

मला पोहता येत नव्हतं, हे खरं होतं.

"मग या चार?"

"चारय माज्यो."

मी पुढे झालो. "तांडेलांनू, तिसरी होडी माजी मा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं ते मूर्खाकडे पाहावं तसं. "भाऊ, तुमी गप ऱ्हवा," तो हलक्या आवाजात म्हणाला. सरकारी माणसासमोर शेजाऱ्याची मालमत्ता कबूल करायची नाही, ही त्या किनाऱ्याची रीत होती. तो मला वाचवत होता.

निरीक्षकांनी पेन्सिल काढली. "चार होड्या. म्हणजे तुमचं उत्पन्न बरंच असणार."

तांडेलाचा चेहरा बदलला. "उत्पन्न खंयचा? दोन फुटक्यो आसत."

"बाकीच्या दोन?"

"एक भावाची."

"आणि ही तिसरी?"

"ती देवळाची."

निरीक्षकांनी वही मिटली आणि माझ्याकडे वळले. "तुमच्याच गावात तुमची होडी कोणी ओळखत नाही. मला वरती तसंच कळवावं लागेल."

आमच्याकडे होडी किनाऱ्यावर राहते, पण वल्ही मालकाच्या घरात. वल्ह्यांशिवाय होडी कोणी नेऊ शकत नाही. मी त्यांना हे सांगितलं आणि घरी घेऊन आलो. पडवीच्या भिंतीवरचे खुंटे रिकामे होते. धुराने काळवंडलेल्या भिंतीवर फक्त दोन लांब, उजळ पट्टे होते.

"शेजारची वयनी सकाळीच इली नि वल्ही घेवन गेली," बायको म्हणाली. "माका वाटला, तांडेलांका व्हयी आसतली."

निरीक्षक भिंतीकडे बघत राहिले. बायकोला काय झालं असावं ते कळलं: जप्तीच्या भीतीने वल्ही लपवली होती. ती कुंपणाशी गेली आणि तांडेलाच्या बायकोला हाक मारली.

"वयनी, माजी वल्ही दी बघया."

"खंयची वल्ही गो? माका म्हायत नाय."

तिच्या खळ्याच्या कडेला, गवत रचायच्या माच्याखाली एक ढीग होता. त्यातून दोन लाकडी पाती बाहेर आली होती.

"मगे तुज्या गवताक पाती फुटली काय?"

वल्ही आली. निरीक्षक ती घेऊन पुन्हा पावसात निघाले. चारही होड्यांवरची झापं त्यांनी बाजूला करायला लावली आणि प्रत्येक होडीच्या कडेला वल्हं लावून पाहिलं. एका वल्ह्याला तडा गेला होता आणि त्यावर मी तांब्याची तार गुंडाळली होती. तिसऱ्या होडीच्या, वल्हं अडकवायच्या खुंट्यावर त्या तारेने घासलेली खाच होती. बाकी होड्यांवर नव्हती. निरीक्षकांनी खाचेत बोट घालून पाहिलं.

"मंजूर," ते म्हणाले. "पण पावसाळ्यात होडी पडून असते. तेवढ्या महिन्यांची झीज मिळणार नाही."

ते योग्यच होतं. तांडेलाच्या बाकीच्या तीन होड्यांचं काय लिहिलं, ते त्यांनी सांगितलं नाही. तांडेलाने विचारलंही नाही.

नोकरी राहिली. गावाचा संशय मात्र वाढला. निरीक्षक रिकाम्या हाताने परत गेले ही गोष्ट कोणालाच पटत नव्हती, आणि मी त्यांना काय दिलं असेल याच्या चर्चा बराच काळ चालल्या. तांडेलाचं मत ठाम होतं.

"सरकारचो माणूस दारात येता तो देवक नाय, नेवक येता. मी आडवो पडलंय म्हणान, नायतर तो होडी घेवन गेलो असतो."

नारळी पौर्णिमेआधी, पुढच्या पडताळणीचा विचार करून, मी होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पांढऱ्या रंगात माझं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोयत्याने खरवडून काढलेलं होतं. वर तांडेलाकडचं ताजं तेलही लावलं होतं.