डाव्या बाजूचं पॉलिश

मी भित्री आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी स्वयंपाकघरातून बाहेर येते. लिफ्टमध्ये पाचवा माणूस शिरला की मी उतरते. नवऱ्याचा फोन दोनदा लागला नाही की मी त्याच्या ऑफिसात फोन लावते. त्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे असे प्रसंग महिन्यातून चार-पाच तरी येतात आणि घरात माझी चेष्टा होते. म्हणून त्या रविवारी मला जी भीती वाटली, ती मी कोणाला सांगितली असती तरी कोणी मनावर घेतली नसती.

माझे बाबा आयुष्यभर ड्रायव्हर होते. कोकणातून आले ते आधी ट्रकवर क्लीनर म्हणून लागले, मग स्वतः ट्रक चालवला आणि पुढे तीस वर्षं फोर्टमधल्या एका साहेबांची गाडी. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली. ती आता सोळा वर्षांची आहे. लालबागच्या माझ्या माहेरच्या चाळीच्या आवारात ती उघड्यावर उभी असते. रोज सकाळी बाबा तिच्यावर फडकं मारतात, म्हणून पत्र्याचा रंग अजून चांगला आहे. बिघडलं होतं ते प्लास्टिक. बंपरची खालची बाजू, दरवाजांवरच्या लांब पट्ट्या, आरशांच्या मागची टोपणं हे सगळं मुळात काळं कुळकुळीत होतं. उन्हाने ते राखाडी झालं होतं, जणू कोणी चुलीतली राख चोळून ठेवली होती. त्या राखाडी पट्ट्यांमुळे चांगली गाडी आजारी दिसायची. डावी बाजू त्यातल्या त्यात जरा काळी होती; ती भिंतीकडे असते, तिथे ऊन कमी लागत असेल, असं मला वाटायचं.

दसरा दोन दिवसांवर होता. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बाबा नातीला शेजारी बसवून वरळीच्या समुद्रापर्यंत चक्कर मारतात, हे ठरलेलं. मी म्हटलं, या वर्षी गाडी नव्यासारखी करून देऊ. मी परळच्या दुकानातून प्लास्टिक काळं करायचं लिक्विड आणलं आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. रविवारी सकाळी बाबा झेंडूची फुलं आणायला दादरला गेले तशी मी बादली, जुना टूथब्रश आणि चिकटपट्टी घेऊन खाली उतरले. माझी सात वर्षांची लेक ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टीअरिंग फिरवत होती.

हे काम सोपं आहे, फक्त घाई करायची नाही. आधी साबणाच्या पाण्याने प्लास्टिक घासून काढायचं, कारण खाली मळ किंवा तेल राहिलं तर वरचं लिक्विड धरत नाही. मग नीट वाळू द्यायचं. शेजारच्या पांढऱ्या रंगावर डाग पडू नये म्हणून कडेला चिकटपट्टी लावायची. मग स्पंजवर चार थेंब घेऊन हलक्या हाताने पसरायचं आणि थोड्या वेळाने जास्तीचं पुसून घ्यायचं.

मी उजव्या बाजूने सुरुवात केली. फडक्यावर तपकिरी धूळ आली, आणखी काही नाही. स्पंज फिरवला तसा राखाडी पट्टीचा जुना काळा रंग परत येऊ लागला. मी स्वतःवर भलतीच खूश झाले. चाळीतल्या दोघा-तिघांनी वरून विचारलं, आमचीपण करून देणार का म्हणून. मी म्हटलं, रांग लावा.

मग मी डाव्या बाजूला आले आणि पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर ओला ब्रश फिरवला. पाणी काळं झालं. आधी वाटलं, इकडे मळ जास्त असेल. मी फडक्याने पुसलं तर फडकंही काळं झालं. ते चिकट होतं आणि त्याला वास येत होता. तो वास मी लहानपणापासून ओळखते. बाबा साहेबांकडे जाण्याआधी दारात बसून बुटांना पॉलिश करायचे, तेव्हा आमची सगळी खोली त्या वासाने भरून जायची.

ते बुटाचं पॉलिश होतं, आणि ते तिथे का असतं हे मला माहीत होतं. बाबांनीच मला सांगितलं होतं. गाडी कुठे घासली की काही ड्रायव्हर साहेबाच्या नजरेला पडू नये म्हणून काळ्या भागावर बुटाचं पॉलिश चोळून ठेवतात. ओरखडा बुजतो आणि आठवडाभर कोणाला कळत नाही. बाबा हे नेहमी तुच्छतेने सांगायचे. तीस वर्षांत आपल्या हातून साहेबांच्या गाडीला एक ओरखडा पडला नाही, आणि पडला असता तर संध्याकाळी उभं राहून सांगितला असता, असं ते म्हणायचे.

मी घासत गेले आणि एकेक बाहेर येत गेलं. बंपरच्या कोपऱ्याला चीर होती. पुढच्या दरवाजाची पट्टी लांबपर्यंत खरवडली होती. मागच्या दरवाजाच्या पट्टीवर निळ्या रंगाचा फराटा होता. आरशाचं टोपण फुटून आतून कशाने तरी चिकटवलेलं होतं. आणि चाकावरच्या काळ्या प्लास्टिकच्या कमानीला लाल डाग होता.

तो लाल डाग पाहून मी ब्रश खाली ठेवला. मी आवारात गाडीच्या आडोशाला बसले होते, वरून कोणाला दिसत नव्हते, हे एक बरं. कोणाला लागलं असेल का? कधी? ते थांबले असतील का? हात लावायचा धीर होत नव्हता. शेवटी नखाने खरवडलं तेव्हा तो टणक पापुद्रा होऊन सुटला. तो रंग होता, बसचा लाल रंग. मला सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. कारण बाबांची गाडी बसला घासली असेल तर डावीकडून घासली होती, आणि डावीकडे माझी मुलगी बसते.

दोन वर्षं ती रोज बसत होती. तिची शाळा दादरला. साडेबाराला शाळा सुटते, बाबा तिला गाडीतून लालबागला आणतात, जेवायला घालतात आणि संध्याकाळी ऑफिसमधून परतताना मी तिला घेऊन परळला आमच्या घरी जाते. यावरच माझी नोकरी चालली होती.

मी खिडकीपाशी गेले. आवाज साधा ठेवून विचारलं, आजोबांची गाडी कधी कुठे लागली का गं? तिने स्टीअरिंग सोडलं नाही. म्हणाली, आता नाही लागत. आता मी बघते ना.

"काय बघतेस?"

"डावीकडचं. आजोबा उजवीकडचं बघतात, मी डावीकडचं बघते. मी त्यांची क्लीनर आहे."

मग तिने मला सगळं नीट समजावलं, कारण आईला गाडीतलं काही कळत नाही अशी तिची पक्की समजूत आहे. डावीकडून स्कूटर आली की 'स्कूटर' म्हणायचं. माणूस आला की दारावर दोनदा हात मारायचा. रस्ता मोकळा असला की 'जाने दो' म्हणायचं. ट्रकवरचे क्लीनर असंच करतात, आजोबापण लहानपणी करायचे. एकदा ती खिडकीतून फुगेवाल्याकडे बघत राहिली आणि बस लागली, तेव्हा आजोबा ओरडले नाहीत, पण घरी आल्यावर बुटाच्या पॉलिशची डबी घेऊन पुन्हा खाली गेले. त्यात चूक तिची होती, असं ती म्हणाली.

माझ्या मुलीला चूक आपली वाटत होती. मी तिला गाडीतून उतरवलं आणि वर पाठवलं. ती रुसली. मी तिथेच बाबांची वाट पाहत थांबले.

थोड्या वेळाने बाबा फुलांची पिशवी घेऊन आले. त्यांनी उजवी बाजू पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि शोरूमसारखी केलीस म्हणाले. झेंडूचा भाव, दादरची गर्दी असं काहीबाही सांगू लागले. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. हातात ते काळं फडकं होतं. मी ते उचलून त्यांच्या कानापाशी नेलं आणि तिथून हळूहळू पुढे आणू लागले. बाबा बोलत होते. फडकं गालाच्या पुढे आलं, डोळ्यासमोर आलं, तरी त्यांची पापणी हलली नाही. मला वाटत होतं, आता हात झटकतील, आता म्हणतील हे काय चाललंय. फडकं नाकाच्या रेषेत आलं तेव्हा ते दचकले. मग त्यांना वास आला, आणि ते बोलायचे थांबले.

मी ओरडले. मला एरवी चारचौघांत मोठ्याने बोलता येत नाही, पण त्या दिवशी गॅलरीतली माणसं कठड्याशी आली एवढी मी ओरडले. पोरीच्या जिवाशी खेळलात, असं मी म्हणाले. माझ्या एकुलत्या एक मुलीला क्लीनर केलंत म्हणाले. बाबा साहेबांसमोर उभे राहत असतील तसे हात खाली सोडून उभे राहिले. मी चावी मागितली. त्यांनी खिशातून काढली, पण लगेच दिली नाही. दसऱ्याची चक्कर तेवढी मारू दे, मग देतो, असं खालच्या आवाजात म्हणाले. मी नाही म्हटलं आणि त्यांच्या हातातून चावी घेतली. त्यांची बोटं थोडी घट्ट होती, ते मला जाणवलं.

दसऱ्याला पूजा झाली, गाडी जागेवरच राहिली. उजवी बाजू चकचकीत काळी आणि डावी बाजू ओरखड्यांसकट उघडी, अशा गाडीला आम्ही हार घातला. बाबांनी नेहमीसारखा नारळ फोडला. लेकीने चक्कर का नाही म्हणून विचारलं तेव्हा ते म्हणाले, आजोबांना कंटाळा आलाय.

दोन दिवसांनी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. नजर कुठपर्यंत पोचते हे बघायची एक तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत एका यंत्रात डोकं टेकवून बसायचं. आत इकडेतिकडे दिवा चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी खोलीत मागे स्टुलावर बसले होते. उजव्या डोळ्याला बटणाचा आवाज येत राहिला, मध्येच थोडा थांबला, पुन्हा आला. मग डावा डोळा लावला. यंत्र आपलं काम करत असल्याची घरघर ऐकू येत होती आणि बटणाचा आवाज येत नव्हता. मी वाट पाहत होते. एकदा आला. मग इतका वेळ काही नाही की तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, काका, जागे आहात ना? बाबा म्हणाले, हो, मी बघतोय.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याचं गेलेलं परत येणार नाही. उजव्याचं आहे तेवढं राखायचं, रोज थेंब घालायचे, चुकवायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

औषधांच्या दुकानाबाहेर आम्ही बाकावर बसलो. माझा राग ओसरला होता, भीती मात्र तशीच होती. मी विचारलं, मला सांगायचं नाही का, बाबा? त्यांनी थेंबांच्या बाटलीचं खोकं उलटसुलट केलं. मग आई असताना घरी तिच्याशी बोलायचे तशा मालवणीत म्हणाले, "तुका म्हायत होतां गो."

मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "दोन वर्सां झाली. माझ्या गाडीत बसलंस कधी तू?"

मी म्हणणार होते की मला बस सोयीची पडते. संध्याकाळी ते रोज विचारायचे, परळला सोडू का, आणि मी रोज म्हणायचे, कशाला तुम्हाला त्रास, आम्ही बसने जातो. पण बाकावर बसल्या बसल्या मला शेवटची वेळ आठवली. मी त्यांच्या शेजारी बसले होते. भारतमाता चौकाच्या अलीकडे डावीकडून एक हातगाडी आली, मी किंचाळले आणि बाबांनी करकचून ब्रेक मारला. हातगाडीवाला शिव्या देत निघून गेला. बाबा म्हणाले, दिसला नाही. मी घरी आले, नवऱ्याला सांगितलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून बसने जायला लागले. नव्या नोकरीचा तो दुसराच आठवडा होता. त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला माझी लेक शाळेतून बाहेर आली आणि मी ज्या सीटवरून उठले होते, त्या सीटवर जाऊन बसली.